मोजमाप

केप्यातल्या जुन्या पोर्तुगीज शाळेत
कॉलेजची पोरं फीत घेऊन आली.
चिऱ्याचे थर मोजले, मग खिडकीतले शिंपले:
एकशे बारा, त्यात सात फुटलेले.

फितीचं दुसरं टोक धरायला
समोरच्या भट्टीतून कायतान पोदेर आला,
पिठाचे हात पँटीला पुसत.
कोनाड्यापाशी थबकला.
पाठ टेकवली, टाचा जुळवल्या.

"हांगाच उबो केल्लो म्हाका,
घरची भास तोंडातून सुटली म्हणून."

आता डोकं कमानीला लागतं.

शर्मिलानं तक्त्यात रकाना शोधला.
नव्हता.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
कोनाडा. उंची, एक पोरगा.

पाव करपतील, म्हणत
त्यानं टोक सोडलं.
फीत सरकन
तिच्या बोटांवर आली.