खाच

लेझरनं चेरीचं लाकूड जाळलं तेव्हा
गल्लीभर करपल्या साखरेचा वास सुटला.
इवाओसान दारातच थांबले,
चपला पायात तशाच.

रेषा मी टॅबलेटवर काढल्या होत्या:
सुमिदा नदी, पूल,
पुलाखाली सायकल पुसणारा एक माणूस.
अकरा लेयर, अकरा रंग.
त्याच्या पाठीचा बाक मी चाळीसदा काढला,
चाळीसदा पुसला,
पडद्यावर ओरखडाही उरला नाही.

त्यांनी फळी खिडकीशी नेली.
जळक्या कडेवरून अंगठा फिरवला,
डॉक्टर पोट दाबून बघतात तसा.
"रेषा चांगली आहे, चिगुसा.
पण हिला वाटेत कुणी अडवलेलं नाही.
लाकडाला गाठ असते. तिथं हात जरा विचार करतो."

मग इवलीशी पटाशी घेऊन
कोपऱ्यात एक खाच, कडेला दुसरी.
केंतो. कागद टेकायची जागा.
तेवढं त्यांनी यंत्राला करू दिलं नाही;
अकराही फळ्यांवर, स्वतः,
चष्मा कपाळावर चढवून.

माझे लेयर आपोआप जुळतात.
कागदाचं तसं नाही.
ओलावला की फुगतो,
दुपारी हीटर लावला की अंग चोरतो.

तेविसाव्या ठशाला
नदीचा निळा केसभर सरकला
आणि त्या माणसाच्या खांद्यावर चढला.
माझी दोन बोटं आपसूक
फळीवर टकटकली.
टॅबलेटवर तसं केलं की
शेवटची चूक निघून जाते.

"कुणाला बोलावतेस?"
"मागच्या क्षणाला," मी म्हणाले.
ते हसले नाहीत.
भिंतीवरच्या रंध्याकडे बोट केलं.
"आमच्याकडे मागं जायचं तर सगळंच तासावं लागतं.
या फळीवर आधी कोंबडा होता,
त्याआधी चहाच्या डब्याची जाहिरात.
आता बोटभर उरलीय."
आणि बारेन पुन्हा फिरू लागलं,
बांबूच्या सालीची खसखस,
चोविसावा,
पंचविसावा.

रात्री तेविसावा घरी आणला.
दिव्यासमोर पालथा धरला.
कागदाच्या पाठीवर बारेनच्या चकचकीत वळ्या,
एकीत एक गुंतलेल्या,
फक्त वर उजवीकडे विरळ.
तिथवर हात नेताना
त्यांचा खांदा दुखत असणार.
सात महिने शेजारी बसून
मला हे दिसलं नव्हतं.

मग फाइल उघडली.
निळा लेयर तीन पिक्सेल सरकवला.
सेव्ह करू का, असं यंत्र विचारतंय.
अजून उत्तर दिलेलं नाही.