घट

भाऊ कोळसा जोखायचे,
ग्वाल्हेरला, छोट्या लाईनीच्या शेडात, बत्तीस वर्षं.
दानाओलीत सगळे म्हणत, रेल्वेत आहेत.
आई म्हणे, तराजूत आहेत.

भिजलेला कोळसा जड भरतो.
काट्यावर मण पुरा, भट्टीत नुसती वाफ,
आणि मुरादअलीचं इंजिन सुमावलीच्या अलीकडेच
धापा टाकत उभं.
म्हणून ओल्या दिवसांत भाऊ दोन फावडी वर टाकायचे, न लिहिता,
आणि महिनाअखेर वहीत लिहायचे : घट.
साहेब विचारी, कशाची?
वाऱ्याची, भाऊ म्हणत.
पगारातले तीन रुपये वाऱ्याला जात.

गाडी तरी केवढी, दोन फुटी रुळांवरची!
जौऱ्याचा दूधवाला चालत्या गाडीतून उतरून
बाभळीआड जाऊन येई
आणि मागच्या डब्यात चढून
पुढच्या डब्यातल्या किटलीला ओरडून धीर देई.

इंजिनाच्या कुशीवर पितळी पाटी होती.
इंग्लंडातल्या एका गावाचं नाव, खाली साल.
मुरादअली ती रोज राखेनं घाशी, दसऱ्याला चिंचेनं.
घासता घासता गावाची पहिली तीन अक्षरं गेली.
मी विचारलं, चाचा, कसं असेल हो ते गाव?
"काला," तो म्हणाला, "अपने जैसा.
सुबह आदमी ज़मीन के नीचे जाते हैं,
शाम को गिनकर वापस लेते हैं."
त्याला हे कुणी सांगितलं कोण जाणे.
भाऊंना मात्र ते मोजून घेणं फार आवडलं.
जेवताना दोनदा म्हणाले.

एकदा झरियाचं एक ढेकूळ फुटलं
आणि आत पान निघालं.
जिभेसारखं, मधली शीर अगदी स्पष्ट.
भाऊंनी ते रुमालात बांधून घरी आणलं.
बत्तीस वर्षांतली एवढीच चोरी.
तिचीही नोंद आहे :
घट, पाव शेर. कारण, पान.

भावाची नात ऊर्जिता तिकडे दवाखान्यात असते.
पाटीवरची उरलेली अक्षरं मी तिला सांगितली.
तिनं शोधली, तर दोन गावं निघाली.
सुटी एकच दिवस होती, म्हणून जवळचं गाठलं.

फोनवर म्हणाली, आत्या, इथे काही नाहीये गं.
खाणीचं तोंड बुजवलंय, वर गवत.
रुळांच्या जागी पायवाट, लोक कुत्री फिरवतात.
एक मोठं चाक अर्धं पुरून ठेवलंय,
जातं उभं गाडावं तसं.
बाकावर एक म्हातारा होता.
त्याच्या बापाकडे खाणीच्या दाराशी
बिल्ल्यांची फळी असायची.
वर आलेला माणूस आपला बिल्ला खिळ्याला अडकवून घरी जाई.
एका रात्री अकरा खिळे मोकळे राहिले.
बाप उजाडेपर्यंत फळीसमोर बसून होता.

मी विचारलं, वहीत काय लिहिलं गं त्यानं?
ऊर्जिता म्हणाली, हे कसं विचारायचं, आत्या?

तिनं तिथल्या कोळशातल्या पानाचा फोटो पाठवला.
फणीसारखं, बारीक दातांचं.
आमच्यासारखं मुळीच नाही.
मला बरं वाटलं.
सगळंच सारखं असतं
तर भाऊंना काटा कशाला लागला असता?

परवा मोतीझीलला गेले होते.
रूळ उखडून ढीग घातलेत.
ठेकेदाराचा मुनीम ते जोखत होता,
काट्यावर लाल आकडे पळत होते.
रात्री पाऊस झालेला.
म्हटलं, बेटा, गीला है, ज़्यादा भरेगा.
त्यानं मान वर केली नाही.
"अम्मा, लोहा पानी नहीं पीता."

घरी येऊन पान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं.
पाव शेराला तेवीस ग्रॅम कमी भरलं.