लाथ

रेडकारमध्ये शनिवारी दुपारी तीनला
सगळं गाव लाथ मारतं.
म्हणजे मॅच सुरू होते.
पहिल्या आठवड्यात मला हे ठाऊक नव्हतं.
विल्फ गारबट म्हणाले, 'तीनला किक-ऑफ,'
मी विचारलं, कोण कुणाला?
चहा नाकात जाईपर्यंत हसले.

मी त्यांच्या वरच्या खोलीतली भाडेकरू.
ते खिडक्या पुसणारे. त्रेपन्न वर्षं
एक शिडी, एक जस्ताची बादली.
समुद्राचं मीठ रात्रभर काचांवर बसायचं
आणि सकाळी विल्फ ते उतरवायचे.
'कसं काय?' कुणी हटकलं की ठरलेलं उत्तर:
जिवंत आहे, लाथा झाडतोय.

या लोकांचं सगळं पायावर चालतं, मी फोनवर घरी सांगायचे.
सिगारेट सुटली, तर तिला लाथ मारली.
हीटर लागला, तर त्यानं लाथ मारली.
गुडघ्याची गोळी लाथ मारेपर्यंत
वीस मिनिटं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं.
बस येईना, तर टाचा झाडत उभं राहायचं.
आणि नातीला, बेथनीला, सातवा महिना.
तिच्या पोटात जो कोण होता
तो तर खऱ्याच मारायचा.
मॉरीन हात लावून म्हणायची, डाव्या पायाचा आहे.

बदल्यात मी विल्फना आमची एक दिली होती:
लाथ मारीन तिथं पाणी काढीन.
'माझ्या धंद्याला बरी,' म्हणाले,
'नळाचं बिल वाचेल.'

मार्चमधल्या एका मंगळवारी
रात्रपाळीहून आले तर मॉरीन ओट्याशी,
पाठमोरी. किटली उकळून गार झालेली.
म्हणाली, 'आमच्या म्हाताऱ्यानं बादलीला लाथ मारली गं.'

वाक्प्रचार मला येत होता.
शाळेत पाठ केला होता, दोन मार्कांना,
अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
तरी मान आधी मागच्या दाराकडेच वळली.

बादली उभीच होती.
काठोकाठ. वर स्पंज तरंगत.
फरशीवर एक थेंब नाही.
त्यांनी ती आधी खाली ठेवली होती, नीट,
कडी एका अंगाला पाडून,
आणि मग भिंतीला टेकून बसले होते
साडेसातला मॉरीनला दिसेपर्यंत.

'मला मलाच लाथा माराव्याशा वाटतात,' ती म्हणाली.
सातला चहा घेऊन जाणार होते,
रेडिओवर काहीतरी लागलं, बसून राहिले.

आमच्यात अशा वेळी माणूस
आपल्याच थोबाडीत मारून घेतो.
स्वतःची लाथ स्वतःला कशी पोचते,
तिच्याकडे बघून कळलं नाही.
पोचत होती, एवढं कळलं.

थोरल्या डेरेकनं सगळ्यांना कळवलं:
शुक्रवारी. अकराला किक-ऑफ.
कुणी हसलं नाही,
कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

पाणी कुणी ओतलं नाही.
पावसानं थोडं वाढलं, उन्हानं थोडं कमी झालं.
एक पांढरं पीस पडलं त्यात, थोडी वाळू.
दहाव्या दिवशी,
(हा हिशेब माझा, तिला त्याचं काही नव्हतं)
मॉरीननं बाह्या सारल्या,
पीस काढून खिशात ठेवलं,
आणि बादली उचलून पुढच्या खिडकीशी नेली.
चार पायऱ्या चढली. शिडी मी धरली.
बेथनी आतून, सोफ्यावर गुडघे टेकून,
बोट दाखवत होती:
इथं राहिलं. इथं. अजून वर.
मध्येच तिनं पोट धरलं, काहीतरी बोलली.
काचेतून ऐकू आलं नाही.

मीठ सगळं निघालं नाही.
पाणी जुनं होतं.