बाहेर नेऊ नये

किलीमांजारोच्या उतारावर, केळीबागांच्याही वर,
जिथे दुपारी तीनला ढग खिडकीशी येऊन बसतो
आणि ग्रीक शब्दकोशाची पानं दमट होतात,
तिथल्या सेमिनरीच्या ग्रंथालयात मी सहायक.
शिक्का माझ्याकडे. किल्ल्या एलियाकुंडा बाईंकडे.

दारावर टंकलेला कागद, कोपरे झुरळांनी खाल्लेला :
विद्यार्थ्यांना पाच पुस्तकं, तीन आठवडे.
दूरच्या पाद्र्यांना टपालानं.
(टपाल म्हणजे मोशीच्या बसचा ड्रायव्हर.
यशयावरचं भाष्य एकदा कोंबड्यांच्या टोपलीतून परत आलं,
चौथ्या खंडाला अजून वास आहे.)
छायाप्रती, वीज असेल तर.
सूक्ष्मफितीचं यंत्र बंद. दिवा मिळत नाही.
शांतता राखा.

गुरुवारी ती आली, बाजार आटपून, चिखलाच्या पायांनी.
रंगीत कापडात गुंडाळलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं,
भाव विचारायला काट्यावर ठेवतात तसं.
"नवऱ्याचं," म्हणाली. "म्हणजे तुमचंच."

परतीची तारीख चौदा मार्च, सत्त्याऐंशी.
दंड मांडायला मी पेन्सिल उचलली,
पुस्तक उघडं करून झटकलं, तसा नियमच आहे :
शाळेच्या फीची पावती पडली,
आणि इसालेचं एक पान.
भांडण मिटवायला आमच्याकडे हे पान देतात,
ते हाती आल्यावर नाही म्हणायची सोय नसते.
पावती पिवळी होती.
पान हिरवं होतं.
बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल खाली ठेवली.

मग ती हळूच म्हणाली,
"तुम्ही आवाजसुद्धा ठेवता म्हणे."

ठेवतो. मागच्या कपाटात, उधईच्या पावडरीत,
दर वर्षीच्या मुलांचे सरावाचे उपदेश.
आनाएली ल्यातू, दुसरं वर्ष, मार्क अध्याय चार.
फीत सैल झाली होती,
तीच पेन्सिल घालून मी ती गुंडाळली.

आधी खोकला. कागदांची सळसळ.
मग तेवीस वर्षांचा एक घाबरा मुलगा : "बंधूंनो,"
आणि लांबून सरांचा आवाज : "भगिनीही आहेत. हळू."
"बंधूंनो आणि भगिनींनो, तारू बुडायला आलं होतं,
आणि तो मागे उशीवर..."
इथे तो विसरला.
खुर्ची करकरली. कुणीतरी फिदीफिदी हसलं.
अकरा सेकंद काहीच नाही.

ती मोठ्यानं हसली.
"लग्नातही असाच अडकला होता,
माझं नाव विसरला मेला!"
टेबलांवरच्या माना वर झाल्या.
शांतता राखा, असं कुणी म्हणालं नाही,
मीसुद्धा नाही, पगार त्याचाच घेत असून.

"घरी नेऊ?"
कॅसेटवर माझाच शिक्का : बाहेर नेऊ नये.
बावीस वर्षांत बाईंनी नियम मोडलेला नाही,
त्या दिवशीही मोडला नाही.
त्यांनी कोरं कार्ड काढलं.
विद्यार्थी, शिक्षक, पाद्री, पाहुणा, एवढेच चौकोन.
"मला वाचता येत नाही धड," ती म्हणाली.
बाईंनी चौकोनांच्या बाहेर, समासात लिहिलं :
न्देशिमुनी ल्यातू, वाचक.
जागा खिडकीची, जिथे छप्पर गळत नाही.

आता दर गुरुवारी येते. उरलेली केळी माझ्या टेबलावर.
नवऱ्याची फीत दोनदा ऐकते, मग म्हणते, दुसरा कुणी लाव.
"हा? हा बुकोबाला गेला, बायको मुकी होती, सुखात राहिला."
"याचा आवाज चांगला, पण याने गाय चोरली."
"हा लवकर गेला. वाजू दे. थांबवू नकोस."
मी सूचीच्या कार्डांवर हे सगळं टिपून घेतो.
कुठल्या विषयाखाली, ते बाईंनी अजून सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात शहरातून एक माणूस आला,
सगळ्या फिती संगणकावर चढवून देतो म्हणाला,
खोकले, खरखर, मोकळ्या जागा काढून, अगदी स्वच्छ.
मी आनाएलीच्या डबीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं :
मध्ये अकरा सेकंद काही नाही.
ते काढू नये.