क्रियापद शेवटी येतं

नळस्टॉपच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
रिक्षा आत ऐकू येऊ नयेत म्हणून
खिडकीला जुनी गादी ठोकलेली.
इथे बसून मी मालिकांच्या गप्प जागा भरते.
दोन संवादांच्या मध्ये सव्वातीन सेकंद,
कधी दोन,
कधी एवढंच, की श्वास घ्यावा आणि सोडून द्यावा.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं.
"मोहना थरथरत्या हातांनी कपाटाचं दार..."
मी इथवर येते तोवर
दार लावून, साडी बदलून
ती नाशिकला पोचलेली असते.

तपासायला ढमढेरे काका येतात, बुधवारी.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं,
मग काचबिंदू.
"कडेकडेनं खात आला," सांगतात, "पोरं भाकरी खातात तसा."
आता मध्ये रुपयाएवढा उजेड उरलाय,
तोही दुपारी, बारा ते तीन.

पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं:
सासू बघते. सासू बघते. सासू बघते.
काका म्हणाले, एकदाच सांग की,
ढोल मला ऐकू येतात.

पुढच्या बुधवारी: मोहना दुःखी होते.
"ते तिच्या नाकानं सांगितलं मला. हातात काय आहे तिच्या?"
कुलूप.
"कसलं?"
पितळी. किल्ली नाहीये.
थोडा वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.
"हां. आता झाली दुःखी."

एकदा जिना उतरताना म्हणाले,
"एवढं खपून लिहितेस,
आणि माझ्या घरचा डबा मुका."

गेले मग बोपोडीला, त्यांच्या घरी.
गुरुवार, म्हणजे लाइट नाहीच.
काकांनी रिमोट माझ्या हातात दिला, दागिना दाखवावा तसा:
पाचावरचा उंचवटा कंपनीनं दिलेला,
आवाजाच्या बटणावर साबुदाणा, फेव्हिक्विकनं,
मेनूवर मसुरीचा दाणा, अर्धा झिजलेला.
"जुन्या टीव्हीला खटका होता.
सातव्या खटक्याला बातम्या. बोटांना पाठ.
आता चारशे चॅनल, आणि खटका एकाला नाही."

फ्रिज गुरगुरला.
"आली," ते म्हणाले,
मी बल्बकडे बघायच्या आत.

आवाज होता डब्यात. पहिल्यापासून होता.
मेनू, त्यात सेटिंग, त्यात भाषा, त्याखाली "आणखी",
आणखीच्या तिसऱ्या पानावर
करड्यावर करड्या अक्षरांत एक चौकोन.
त्यावर टिक केली की डबा बोलतो.
म्हणजे ज्याला दिसत नाही
त्यानं आधी हे बघायचं.
किल्ली आत ठेवून कुलूप लावणारा हा कोण शहाणा,
मी मोठ्यानं विचारलं.
काका म्हणाले, चहात साखर किती?

टिक केली.
"मुख्य पान," डबा म्हणाला.
काकांनी मान वळवली,
नवीन भाडेकरूकडे वळवावी तशी.
"हिला सर्दी झालीय," म्हणाले,
आणि रिमोट माझ्याकडून काढून घेतला.

बातम्या. भजन. कबड्डी. केसांचं तेल.
कानडी काहीतरी. परत कबड्डी.
कुणीतरी कुणाला तरी वांगी भाजायला शिकवत होतं.
कुठेच थांबेनात.
मी म्हटलं, काय हवंय? शोधून देऊ?
"काही नको गं. नुसतं चाळतोय."

अकरा वर्षांनी ते असे,
कुणाला काही न विचारता,
आपल्या हातानं कंटाळत होते.
चहावर साय धरली.

मध्येच माझी मालिका लागली. माझंच वाक्य,
चार दिवस घासून सव्वातीन सेकंदांत बसवलेलं:
"मोहना उंबऱ्यावर कुलूप ठेवून, मागे न बघता..."

आणि काकांनी चॅनल बदललं.