मिठाचा आकडा

सोहारच्या बंदराकडे पाठ करून आमचं ऑफिस.
रात्रीचे साडेअकरा, आणि माझ्या हाताखाली
अठ्ठेचाळीस कामगार,
ज्यांना ना बताका, ना ओव्हरटाइम, ना गावाकडे कुणी.
मशीनमधले. सगळे एकसारखे, सगळे मुके.

समुद्राचं पाणी गोडं करून झाल्यावर
उरलेला जालीम खार परत समुद्रात सोडतात.
तो किनाऱ्याला चिकटतो की ओहोटीबरोबर पांगतो,
एवढंच शोधायचं.
समुद्राचे अठ्ठेचाळीस तुकडे केले, एकेकाला एकेक.
फंक्शन एकदाच लिहिलं, सगळ्यांना वाटलं
प्रसादासारखं,
कुणाच्या तळहातावर कमी नाही, जास्त नाही.

सातला शमसा अल-मामरीनं पाइपाच्या तोंडाशी मोजलेला
नवा आकडा पाठवला.
मी तो बदलला. छापून पाहिला: अडुसष्ट.
आणि चार तास ते अठ्ठेचाळीस जण
सकाळच्या एकसष्टावर राबत राहिले.

एरर नाही. तक्रार नाही.
ज्याच्या त्याच्या खिशात सकाळचा कागद होता,
आणि मी माझा कागद खोडून समजले
की सगळीकडे खोडला गेला.

मेसमध्ये अब्बास बुरोंडकर जागा होता.
हर्णैचा. बावीस वर्षं इथं,
तीन कॅम्पांची तीन स्वयंपाकघरं त्याच्या अंगावर.
सांगितलं त्याला. चहा गाळता गाळता हसला.
"डाळ कशी करायची ते पोरांना मी एकदाच शिकवलं, मॅडम.
मग कंपनीनं मीठ बदललं. बारीक, पण कडक.
इथं मी मूठ अर्धी केली,
दोन कॅम्पांना फोन करायचा राहिला.
सहाशे माणसं रात्रभर पाणी पीत बसली.
रीत एकदा सांगून भागतं.
मीठ रोज सांगावं लागतं."

मग सगळ्यांचं मिळून एकच पातेलं?
"तेही केलं. एकानं घातलं,
दुसऱ्यानं पाहिलं नाही, त्यानंही घातलं."
त्यानं हनुवटीनं दार दाखवलं:
हजेरीचं रजिस्टर, सुतळीला बांधलेलं एकच पेन.
एकाची सही होईस्तोवर
मागे तीस जण उन्हात.

परत येऊन दर फेरीच्या आधी एक ओळ घातली:
आकडा सगळ्यांना पाठव. पोचला का विचार. मग हल.
चाळीस मिनिटं वाढली. वाढू देत.

खुर्चीच्या पाठीवर आईनं पाठवलेला कुर्ता,
दुपारी एकदाच घातला, खांद्यात तटतटला.
चार वर्षांपूर्वीचं माप.
टाका सरळ, काज नीट, तिचं कुठेच चुकलेलं नाही.

चारला एकेक तुकडा परत आला.
खार किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत होता,
मासेमारांच्या पिंजऱ्यांच्या रोखानं.
आधीचं उत्तर गोड होतं.
शमसाला लिहिलं. ते वाचायला तिला आवडणार नाही.

मग आईला. तिकडे साडेपाच, ती उठलेली असते:
खांदा पंधरा. साडेतेरा खोडून टाक.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं:
दूध वर ठेवलंय.
वही सापडली की लिहून घेते.