शून्य घर्षण

एकेचाळीस मुलं, सात लॅपटॉप,
आणि पत्र्यावर एकच सौर पॅनेल,
जे सकाळपासून ढगांशी हुज्जत घालतंय.
अकरापर्यंत वीज पुरेल, असा माझा अंदाज.
मालोतीच्या या उतारावर
अंदाज हाच आमचा पहिला प्रयोग.

पडद्यावर एक पोरगी, चाकांच्या फळीवर उभी.
अर्ध्या कढईसारखी वाट.
या काठावरून सुटते, त्या काठावर चढते,
आणि बाजूला दोन रंगांचे खांब:
एक वाढला की दुसरा आटतो,
बेरीज मात्र जागची हलत नाही.

मी म्हटलं, सूत्र नंतर. आधी खेळा.
काय बदललं की काय होतं, ते लिहून ठेवा.
मुख्याध्यापक दारातून डोकावले
आणि नुसतेच खाकरले.

दिनेओनं पोरीला चंद्रावर नेलं.
पुलेंगनं वाट मध्येच तोडली,
ती कोसळली, वर्ग खिदळला.
पडद्यावर गुडघे फुटत नाहीत,
म्हणून तर धाडस इतकं स्वस्त.

सेखोबे मागच्या बाकावर,
घोंगड्याला अजून मेंढरांचा वास,
पहाटे कळप धाकट्या भावावर सोपवून आलेला.
त्यानं घर्षणाची कळ ओढत ओढत
शून्यावर आणली
आणि हाताची घडी घालून बसला.
पाच मिनिटं. दहा.
बाकीचे गुरू ग्रहावर जाऊन आले.

"काय चाललंय?"
"ती दमायची वाट बघतोय, बाई."
"शून्यावर ती दमत नाही."
"कधीच?"
"कधीच."
तो बराच वेळ गप्प.
"मग ती घरी कशी जाते?"

माझ्याकडे चार वर्षांची पदवी आहे.
तिच्यात हे उत्तर नव्हतं.

दहा चाळीसला बॅटऱ्यांनी एकेक करून मान टाकली.
सेखोबेची पोरगी ऐन चढावर असताना
काळोखात गेली.

रात्री बसून तयार केलेला प्रश्न मी फळ्यावरून पुसला.
त्या जागी लिहिलं:
मक्याची पोती. गिरणी खाली, ओढ्याकाठी.
उतारावर घसरगाडी बैलांच्या पायांवर येते.
चाक नाही, ब्रेक नाही, पैसे तर नाहीतच.
बोला.

हे पाठ्यपुस्तकातलं नव्हतं.
मागच्या हिवाळ्यात, दंव पडलेल्या सकाळी,
सेखोबेच्या मामाचा तांबडा बैल
असाच पाय मोडून बसला होता.

मग बाकाची फळी तिरकी झाली,
खडूची पेटी गाडी झाली, तिच्यात दगड.
कुणी राख पसरली, कुणी वाळू,
एकानं डब्यातली पापा लावून पाहिली
आणि उरलेली चाटून खाल्ली.
पुलेंग म्हणाली, वाटच नागमोडी करा,
अंतर वाढेल, पण गाडी शहाणी होईल.
दिनेओनं मागे फांदी बांधली,
फांदी गाडीच्या आधी खाली पोचली.

सेखोबेनं गवताची दोरी वळली
आणि पेटीच्या बुडाला गुंडाळली.
तिसऱ्या खेपेला ती तुटली.
पुन्हा वळली. एक वेढा, दोन वेढे, चार.
प्रत्येक वेळी पेटी कुठवर घसरते,
ते तो वितीनं मोजत होता,
कारण पट्टी पुलेंगकडे होती आणि ती देत नव्हती.

"बाई, चढताना सोडायची.
उतरताना हवी तेवढी गुंडाळायची."
दोरीचं टोक माझ्यासमोर धरून म्हणाला,
"ही कळ."

तपासणीच्या अर्जात एक रकाना असतो:
उद्दिष्ट साध्य, हो किंवा नाही.
माझं उद्दिष्ट ऊर्जेची अक्षय्यता होतं.
रकाना कोरा ठेवला.

दोनला ऊन पडलं.
लॅपटॉप कण्हत जागा झाला,
आणि ती तिथेच होती, ऐन चढावर,
जणू मध्ये काही घडलंच नाही;
पुन्हा या काठावर, त्या काठावर.

सेखोबे निघता निघता थांबला.
एका बोटानं कळ जराशी पुढे सरकवली.
तिचे झोके बुटके होत गेले,
तिसरा, आपल्याच रंगाचा खांब उबेनं भरत गेला,
आणि ती तळाशी येऊन उभी राहिली.

"आता जाईल," तो म्हणाला,
घोंगडं सारखं केलं
आणि कळपाकडे उतरू लागला,
टाचा रोवत, रोवत.